नाखव्यांचे सैल बूट

हातमोजा घातला की नाखवा हात खाली सोडून एकदा झटकायचे. मोजा गळून पडला तर पास, हातातच राहिला तर नापास. मग तो कितीही भारी असो. मोटारसायकलसाठी मोजे आणि बूट घ्यायला मी त्यांना बोईसरच्या दुकानात नेलं, तर त्यांनी दुकानातला निम्मा माल नापास केला. “चाचा, टाइट ही लेना पड़ता है,” दुकानदार कळवळून म्हणाला. नाखव्यांनी सगळ्यांत ढगळ मोजे उचलले. बुटांऐवजी घेतले गमबूट, तेही मापापेक्षा मोठे.

नाखवा किनाऱ्यावरच्या घिवलीचे, आणि खरोखरच नाखवा, म्हणजे बोटीचे मालक. स्वतःची बोट होती. मासळी कमी झाली, एका बोटीवर दोन घरं चालेनात, तेव्हा बोट धाकट्या भावाकडे सोपवून ते तारापूरला आमच्या कंपनीत लागले. पाळी सुटली की आधी वारा कुठला आहे ते बघायचे आणि मगच किक मारायचे. आम्ही चिडवायचो. ते म्हणायचे, “हसा. एक-दोन हंगाम कंपनी, मंग मी परत दर्यात.”

ढगळपणाचं कारण त्यांनी एकदा सांगितलं. जाळ्याच्या दोरात मोजा अडकून ओढला गेलेला माणूस त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. पाण्यात पडलं की बूटही भरतात आणि माणसाला तळाला नेतात. “अडकलं तर सुटाया पायजे,” हे त्यांनी धाकट्या भावाला तो चालू लागल्यापासून शिकवलेलं. मी म्हटलं, “नाखवा, रस्त्यावर उलटं असतं. पडलं की तळवे आधी घासतात, पाय गाडीखाली येतो. मनगटाला पट्टा हवा, बूट घोट्याच्या वर बांधलेला हवा.” ते हसले. “परत बोटीवर जायचं हाय. पायाला वाईट सवय कशाला लावू?”

एका सकाळी कामावर येताना वळणावरच्या खडीत गाडी घसरली. मोजे एकीकडे उडाले, गमबूट दुसरीकडे. अगदी त्यांना हवे तसे. गाडी उघड्या पावलावर पडली. पाऊल काढावं लागलं आणि हाताची बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत. दवाखान्यात मला म्हणाले, “सुटलं बग सगळं.” मला त्यांच्याकडे बघवेना.

एकट्या धाकट्याला बोट झेपेना. ती विकली गेली आणि काही महिन्यांनी तोही कंपनीत लागला, तीच मोटारसायकल दुरुस्त करून. तेव्हा नाखव्यांचा मला फोन आला. “बूट आन. घोट्याच्या वर बांधायचे. घट्ट.”

मी बूट घेऊन गेलो, तेव्हा धाकटा दुपारच्या पाळीला निघत होता. नाखव्यांनी स्वतः ओढून ओढून बूट तपासले आणि त्याच्यापुढे ठेवले. त्यानं एक घातला, पाय झटकला. बूट निघाला नाही. त्यानं तो काढून ओट्यावर ठेवला आणि नाखव्यांच्या जुन्या गमबुटांत पाय घातले.

“नको दादा. एक-दोन हंगामांनी परत दर्यात जायचं हाय.”

बोट विकल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. किक बसली, गाडी गेली. नाखवा न मिटणाऱ्या बोटांनी त्या रिकाम्या बुटाच्या नाड्या बांधत बसले.