आ करा, गुरुजी

बिलोलीजवळच्या आमच्या शाळेत प्रार्थना संपली की वाघमारे गुरुजी सातवीच्या रांगेपुढे उभे राहत. "आ कर." एकेक तोंड उघडे. कुणाच्या गालात गुटखा सापडला की त्याच्या बापाला बोलावणं जाई. "माणूस खोटं बोलतंय, तोंड न्हाई बोलत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. थोरला भाऊ तोंडाच्या कॅन्सरनं गेला, तेव्हापासून हा नाद. आम्ही शिक्षक पाठीमागे हसायचो, मीही हसायचे.

दिवाळीनंतर गुरुजी बोलताना तोंडावर रुमाल धरू लागले. डब्यातली भाकरी वरणात भिजवून, हळूहळू गिळत. मग एका रविवारी गुरुजींच्या बायकोचा, काकूंचा, फोन आला. "बाई, ह्यांच्या हिरड्या फुगून दातावर चढल्यात. आरशावर टॉवेल टाकलाय ह्यांनी. दवाखान्याचं नाव काढू देईनात. तुमचं तरी ऐकतील." मी घरी जाऊन त्यांना कसंबसं तयार केलं.

नांदेडच्या बसमध्ये ते एवढंच म्हणाले, "भावाचं असंच सुरू झालतं. मला म्हाईत हाय, बाई. फक्त कागदावर बघायचं न्हाई."

दातांची डॉक्टर तरुण होती. "आ करा, काका." गुरुजींनी खुर्चीचे हात घट्ट धरले. तंबाखू किती वर्षं, असं तिनं विचारलं, तेव्हा त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की मला तिचीच काळजी वाटली. औषधं काही चालू?

"काहीच न्हाई."

मग हिरडीचा तुकडा काढून तपासायला पाठवू, ती म्हणाली. गुरुजी खिशात रुमाल चाचपू लागले. रुमाल द्यायला मी त्यांची पिशवी उघडली, तर आत गोळ्यांची पट्टी.

"गुरुजी, ही कशाची?"

"ती व्हय? बीपीची. दोन वर्षं झाली. तिला काय औषध म्हणायचं? चहावानी रोजचीच हाय."

डॉक्टरनं पट्टीवरचं नाव वाचलं. काहींच्या हिरड्या या गोळीनं अशाच वाढतात, म्हणाली. बीपीच्या डॉक्टरांना दाखवा, ते बदलून देतील; मनानं मात्र बंद करू नका. तुकडा तरीही पाठवूच, खात्रीसाठी.

खात्री यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत गुरुजींनी एकाही मुलाला आ करायला लावलं नाही, आणि मला त्यांना हसल्याची फार लाज वाटत राहिली. रिपोर्ट दवाखान्यातच आधी मी वाचला. कॅन्सर नव्हता. त्यांनी कागद हातात घेतला, दोनदा वाचला, आणि घरी फोन लावला.

"आरशावरचा टॉवेल काढ," ते म्हणाले. "मी यायलोय."