दुसरा साक्षीदार

छापखान्यात काय आणि चर्चमध्ये काय, त्यांना सगळे वचनवालेच म्हणत. पेशाने ते बाइंडर. तीस वर्षं छापखान्याच्या मागच्या खोलीत वह्या शिवल्या, पुठ्ठे चिकटवले, नखांतली खळ काही जन्मात निघाली नाही. पण ओळख त्या कामाची नव्हे, वचनाची, म्हणजे पवित्र शास्त्रातल्या, बायबलातल्या ओळींची. माणूस शास्त्रात वाचायचा आणि वाचलेलं लगेच करायला घ्यायचा. आता यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. तेव्हा सगळेच तसं म्हणत होते.

सूर्य मावळायच्या आत राग सोडून द्यावा, ही शिकवण कोणी ऐकली नाही? लोक मान डोलवतात आणि घरी जाऊन आठ-आठ दिवस फुगून बसतात. वचनवाले खिडकीतलं ऊन बघत भांडायचे. "अगं, काय ते पटकन बोलून घे, साडेपाच होत आले," असं बायकोला म्हणायचे. हिवाळ्यात बिचारीला भांडण लवकर आटपावं लागे. तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही असावं, हेही त्यांनी असंच अंगाला लावून घेतलेलं. मालकाने विचारलं, "माल संध्याकाळपर्यंत होईल का?" तर "होय" किंवा "नाही". "बघतो", "करू काहीतरी" असले शब्द नाहीतच. मालक वैतागायचा, पण भरवसा त्यांच्यावरच टाकायचा.

त्याच छापखान्यात कटिंग मशीनवर त्यांचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, म्हणून बहिणीनेच त्याला न्हाऊमाखू घालून लहानाचा मोठा केला. बडबड्या, उतावळा, चर्चमध्ये सगळ्यात मोठ्याने गाणारा, आणि सुराशी काही देणंघेणं नसलेला. जगात तो ऐकायचा एकाच माणसाचं, ते म्हणजे ताईचं.

कटिंग मशीनचं पातं खाली यायला दोन बटणं लागतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय पातं हलत नाही. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे पात्याखाली एकही नाही, साधा हिशेब. शाळा सुरू व्हायचे दिवस होते, वह्यांचे ढीग लागले होते. एका सोमवारी वचनवाल्यांनी पाहिलं, उजव्या बटणाच्या फटीत पुठ्ठ्याची घडी कोंबलेली आहे. बटण दबलेलंच. मेहुणा डाव्या हाताने पातं पाडतोय आणि मोकळ्या उजव्या हाताने कागद सारतोय.

 वचनवाले ओरडले नाहीत. भाऊ चुकला तर आधी त्याला एकट्याला गाठून सांगावं, असं शास्त्र सांगतं. चारचौघांत त्याची लाज काढू नये. जेवणाच्या सुट्टीत त्याला बाजूला घेतलं, पुठ्ठा काढून त्याच्या हातात दिला.

"दाजी, तुम्ही पण ना!" मेहुणा हसला. "सगळीकडे असंच करतात. काही होत नाही."

दुपारी पुठ्ठा पुन्हा जागेवर.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, ती तशीच उठली, चपला पायात सरकवल्या. "कुठे आहे तो? घरी असेल ना? चला, मी येते. असा कान पिळते की पुठ्ठ्याचं नाव काढणार नाही."

"थांब," वचनवाले म्हणाले. "असं नाही करायचं. एकट्याने सांगितलं, ऐकलं नाही. आता साक्षीदार घेऊन जायचं. दोन. तरीही नाही ऐकलं तर मंडळीपुढे, सगळ्या चर्चपुढे न्यायचं. क्रम आहे त्याला."

"मी नाही का चालत साक्षीदार?"

"तू चालशील. पण दुसरा लागेल."

"मग मालकाला तरी सांगा!"

"ती चहाडी झाली. बाहेरच्याकडे आधी नाही जायचं."

तिने चपला काढून ठेवल्या. नवऱ्याचं वाचन तिच्याहून जास्त, हे तिने लग्नाच्या वर्षीच मान्य करून टाकलं होतं. काय करणार!

मंगळवारी त्यांनी चर्चच्या पाळकांना विचारलं. पाळक म्हणाले, "मी नंतर, मंडळीपर्यंत आलं तर. आधी मंडळीतले जुने दोघे घ्या, घरचं माणूस नको." घड्याळ दुरुस्त करणारे काका लगेच तयार झाले. दुसरे म्हणून मास्तर ठरले, भाषा शिकवून निवृत्त झालेले. मेहुणा त्यांचाच विद्यार्थी. पण मास्तर परगावी मुलीकडे गेलेले, फोनवर म्हणाले, शनिवारी येतो. चार दिवसांचा तर प्रश्न, असं वचनवाल्यांनी मनाशी ठरवलं. रोज सकाळी मशीनपाशी जाऊन ते पुठ्ठा काढायचे, आणि त्यांची पाठ वळली की तो परत बसायचा. दोघांचा खेळच झाला होता म्हणा ना.

गुरुवारी साडेअकराला मागच्या खोलीत त्यांना किंकाळी ऐकू आली.

अंगठा राहिला. बाकी चार बोटं गेली, उजव्या हाताची. डॉक्टरांनी प्रयत्न केले, जमलं नाही. मालक दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. त्याने पुठ्ठ्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोमवारी? सोमवारपासून माहीत होतं तुम्हाला? अहो, मला एक शब्द बोलला असतात तर दोन मिनिटांत मशीन बंद केलं असतं मी." वचनवाल्यांच्या तोंडून होयही निघेना आणि नाहीही निघेना.

पाळक भेटायला आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले की तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही शास्त्राप्रमाणे चाललात. ते ऐकून वचनवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेहुण्याने तर कमालच केली. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "दाजी, तुम्ही सांगितलं होतं हो, मीच गाढव." शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.  बायको भांडलीही नाही. सूर्य मावळला, पुन्हा उगवला, ती गप्पच.

शनिवारी दुपारी दार वाजलं. धुतलेला सदरा, बगलेत शास्त्र, दारात मास्तर. गाडीतून उतरले ते थेट इकडेच. अपघाताचं त्यांना कोणी कळवलंच नव्हतं.

"चला," ते म्हणाले, "घड्याळवाल्यांनाही हाक मारू. कुठे आहे आपला पठ्ठ्या?"

वचनवाल्यांनी सांगितलं. मास्तर खुर्चीत बसले. 

"पण माझ्यासाठी का थांबलात?" ते म्हणाले. रागाने नव्हे, खरंच कळलं नाही म्हणून.

"दोन साक्षीदार हवेत ना."

"अहो, दोन म्हणजे तुम्ही धरून." मास्तरांनी पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. एकादोघांना बरोबर घे. एका-दोघांना. एक चालतो. तुम्ही स्वतःला मोजलंच नाहीत. कोणीही एकजण सोमवारीच बरोबर..."

पुढचं ते बोलले नाहीत, कारण स्वयंपाकघराच्या दारात भावासाठी डबा भरून बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मी होते की," ती नवऱ्याला म्हणाली. "चपला घालून उभी होते."

वचनवाले उठले, तिच्या मागे दारापर्यंत गेले. तिने वळून नुसता हात वर केला, येऊ नका म्हणून, आणि डबा घेऊन एकटीच दवाखान्याकडे निघाली.