गल्लीतला एक ओम

‘किती देऊन राह्यली?’

बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे काकाजी कुणाचीही विचारपूस याच शब्दांत करत. देऊन राह्यली म्हणजे लाइन, वीज. प्रश्न तुमच्या घरातल्या व्होल्टेजचा असे. नवा भाडेकरू गोंधळून ‘बरी आहे’ म्हणे. ‘बरी म्हणजे किती?’ असं म्हणत काकाजी पिशवीतून मीटर काढत.

तीस वर्षं त्यांनी देवळीला कापसाच्या एका जिनिंगमध्ये वायरमनचं काम केलं होतं. आता घरात ते आणि काकू, दोघंच. मुलगी नागपूरला. काकूंची फुप्फुसं थकली होती, त्यामुळे दिवसाचे बरेच तास त्यांना ऑक्सिजनचं मशीन लागे. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं, विजेवर चालणारं मशीन.

आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत असेल. घरोघरी कूलर, आणि गल्लीत तीन एसी. त्यातला एक माझा, त्याच वर्षी घेतलेला. दुपारी दोन वाजले की व्होल्टेज बसायचं, मशीन शिटी मारून बंद पडायचं आणि काकाजी धावपळ करून काकूंना छोटं सिलेंडर लावायचे. ते तासभरच पुरे.

एका दुपारी ते डोक्याला दुपट्टा बांधून घरोघर फिरले. चिमट्यासारखं मीटर तारेभोवती धरून प्रत्येक घराचा करंट मोजला, व्होल्टेजही मोजलं. मग माझ्या ओट्यावर बसून हिशेब सांगितला.

‘कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात दोनशे अठ्ठावीस भेटते. त्याच्या बाजूच्या घरी एकशे त्र्याऐंशी. मंधात पंचेचाळीस व्होल्ट गेले कुठं? आन् गल्लीचा सारा करंट किती? पंचेचाळीस अँपिअर. व्होल्टले करंटनं भागा.’

‘एक,’ मी म्हणालो.

‘एक ओम! इतल्या जाड तारेचा, दोन घराच्या मंधात, एक ओम रेझिस्टन्स राहूच शकत नाई. खांबावरचा जॉइंट सडला. आता गुणा. पंचेचाळीस गुणिले पंचेचाळीस.’

‘दोन हजार पंचवीस.’

‘तितले वॉट. तुमच्या बाथरूममधला गीझर खांबावर टांगून चालू ठेवला समजा. मले पाह्यजे तीनशे वॉट, माह्या बायकोच्या श्वासापुरते. आन् हा खांब दोन हजार खाऊन राह्यला.’

हेच आकडे कागदावर मांडून त्यांनी वीज कार्यालयात तीनदा अर्ज दिला. ‘उन्हाळ्यात असंच असते,’ असं उत्तर मिळालं. मग ते हात जोडून पुन्हा घरोघर आले. दुपारी दोन ते चार एसी बंद ठेवा, एवढंच मागणं. सगळ्यांनी हो म्हटलं. मीही म्हटलं.

चार दिवस पाळलं. पाचव्या दिवशी मी अर्धी रजा टाकून घरी आलो होतो, डोकं भणभणत होतं. पंधरा मिनिटांनी काय होतं, असं म्हणून एसी लावला आणि झोपलो.

बेल वाजली तेव्हा तीन वाजून गेले होते. आधी एसी बंद केला, मग दार उघडलं. दारात काकाजी उभे होते, पायात चप्पल नव्हती.

‘काई नाई भाऊ, सहज आलतो. पाणी पाजा.’

उभ्यानंच ते पाणी प्यायले आणि परत निघाले. जवळजवळ पळतच.

संध्याकाळी कळलं, सिलेंडर भरायला गेलेलं होतं आणि काकूंचे ओठ निळे पडले होते. त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढली, काकाजींचा कागद घेऊन कार्यालयात गेलो आणि लाइनमन सोबत येईपर्यंत तिथून हललो नाही. त्यानं खांबावर चढून जॉइंट उघडला. तार काळी पडली होती, हात लावताच तिचे तुकडे खाली आले. नवा जॉइंट बसला आणि गल्लीतले सगळे कूलर एकदम जोरात फिरू लागले. लोक बाहेर येऊन काकाजींना शोधत होते, पण ते दवाखान्यात होते.

काकू त्यातून उठल्या. तो उन्हाळा आणि पुढचा पावसाळा त्यांनी काढला. दिवाळीनंतरच्या थंडीत मात्र गेल्या, मशीन नीट चालू असताना.

गल्लीतली लाइन आता ठीक होती, त्यामुळे काकाजींकडे जायचं कुणाला कारण उरलं नव्हतं. ते ओट्यावर बसलेले दिसत. आपण हात वर करायचो, तेही करायचे. मी तर नजर चुकवूनच गाडी काढत असे.

एका रविवारी धीर करून गेलो. ‘जयभीम’ म्हणून त्यांनी खुर्ची पुढे केली. मी न बसताच बोललो, ‘काकाजी, त्या दिवशी एसी माझा चालू होता.’

‘ठाऊक होतं. बाहेरचा पंखा फिरून राह्यलता.’

‘मग बोलले काऊन नाही?’

‘भांडाले टाइम कुठं होता? तुमी बंद केला, मले तितलंच पाह्यजे होतं.’ मग म्हणाले, ‘नंतर राग आला. लई दिवस होता. आता घरात राग कराले बी कोणी नाई. बसजा, चहा मांडतो.’

मी बसलो. वीज, व्होल्टेज यांतलं काहीही त्या दुपारी निघालं नाही. जिनिंगमध्ये काकू कापूस निवडायला येत, त्यांच्याशी पहिल्यांदा बोलायला काकाजींना चार महिने लागले, एवढं मात्र त्यांनी दोनदा सांगितलं.

पुढच्या महिन्यात मुलगी न्यायला आली. ऑटोत सामान चढवायला आम्ही दोघं-तिघं होतो. ऑटो निघाला तेव्हा मी हात वर केला. काकाजींचं लक्ष नव्हतं. मांडीवरच्या काकूंच्या फोटोवर ऊन येत होतं, ते दोन्ही तळवे आडवे धरून बसले होते.