टीव्हीवरची आत्या

आमच्या शेजारच्या लिफ्टवाल्या भाऊजींना डाव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. उंच इमारतींच्या गच्चीवरच्या खोल्यांत, लिफ्टच्या मोटारीशेजारी वाकून काम करण्यात उमेदीची वर्षं गेली आणि त्यांच्याबरोबर तो कानही गेला. पण ऐकू येत नाही असं चारचौघांत सांगायची त्यांना भारी लाज. कुणी काही विचारलं आणि नीट कळलं नाही, की ते हसतात आणि मान डोलावतात. "चहा घेणार?" मान डोलली. "का घेऊन झालाय?" तरी डोलली. आमच्या मजल्यावर त्यावरून त्यांची टिंगल चालायची, आणि तेही तीत सामील व्हायचे.

त्यांची बायको एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला होती. ढिगाने येणाऱ्या चादरी इस्त्रीच्या मोठ्या तापत्या रुळातून काढायच्या आणि घड्या घालायच्या. मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून गायची तिला सवय लागली होती. तिथल्या बायका तिला 'भोंगा' म्हणायच्या आणि मग आम्हीही म्हणायला लागलो. नाव तसं असलं तरी गळा काय होता! ती जिना चढताना गुणगुणायला लागली की मी शिलाई मशीनवरचा पाय थांबवायची. त्यांची मुलगी तेव्हा पाचेक वर्षांची. बापाबरोबर लिफ्टमध्ये शिरली की सगळी बटणं दाबायची, म्हणून ती 'बटण'. आईबाप कामावर असले की ती माझ्याकडे असायची. मी घरीच कपडे शिवते, त्यामुळे चिंध्यांचा तिला तोटा नव्हता.

त्या वर्षी एका वाहिनीने जाहीर केलं की एक मोठं संगीत नाटक रंगमंचावर येणार आहे आणि त्याचे नायक-नायिका प्रेक्षकच निवडणार. स्पर्धक दर आठवड्याला गाणार, अभिनय करणार आणि लोक फोनवरून मतं देणार. धुलाईखान्यातल्या बायकांनी भोंग्याच्या मागे टुमणं लावलं. ती नाही नाही म्हणत होती, पण भाऊजींनी परस्पर रजा टाकली आणि तिला घेऊन गेले.

चाचणी एका क्रीडासंकुलात होती. भली मोठी रांग, कर्कश लाउडस्पीकर, धक्काबुक्की. भोंगा छातीवर नंबर लावून घेत होती आणि भाऊजी तिची पर्स सांभाळत मागे उभे होते. गळ्यात हेडफोन अडकवलेली एक बाई कॅमेरा घेऊन त्यांच्या डाव्या बाजूने आली आणि काहीतरी विचारून गेली. भाऊजी हसले आणि मान डोलावली.

बाईने काय विचारलं होतं, ते आम्हाला कळलं टीव्हीवर. तोवर भोंगा शेवटच्या दहांत निवडली गेली होती आणि पहिला भाग बघायला सगळे माझ्या खोलीत जमलो होतो. पडद्यावर पर्स कवटाळून उभे असलेले भाऊजी आले. हेडफोनवाली विचारत होती, "बहिणीला सोडायला आलात वाटतं? भाऊ ना तुम्ही?" आणि भाऊजी तोंडभर हसून मान डोलावत होते. खाली अक्षरं उमटली: बहिणीच्या स्वप्नासाठी रजा टाकणारा दादा.

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. भोंगा तर जमिनीवर बसली. "अहो, इस्त्रीच्या रुळात अडकेल म्हणून मी मंगळसूत्र घालत नाही, त्याचा एवढा फायदा घ्यायचा?" भाऊजी कानाला हात लावत होते, आणि तेही चुकीच्या कानाला.

हसू जेमतेम एक दिवस टिकलं. दुसऱ्या दिवशी वाहिनीतून फोन आला. दादा लोकांना फार आवडलाय, दर भागाला त्याला घेऊन या. भोंगा म्हणाली, "अहो, तो माझा नवरा आहे." पलीकडून घाईघाईने फोन ठेवला गेला. मग दोघांना कार्यालयात बोलावणं आलं.

कार्यक्रमाचा दिग्दर्शक गोड बोलणारा होता. म्हणाला, "नायिका लग्न झालेली असली तर आमची काही अडचण नाही हो. अडचण आहे ती दाखवून झाल्याची. आता बदललं, तर आम्ही खोटं दाखवलं असं होईल. तुम्ही आजच्या आज तब्येतीचं कारण सांगून बाहेर पडा, नाहीतर दोन-तीन आठवडे असंच चालू द्या. एकदा मतं कमी पडली की सुटलात. मग कोण कुणाचा भाऊ, कोण विचारतंय?"

घरी येऊन भोंगा म्हणाली, "मी नाही जात. कसलं हे नसतं लचांड."

भाऊजी म्हणाले, "माझ्या मानेपायी तुझा गळा बसायला नको. दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

आमच्या मजल्याने आणि धुलाईखान्यातल्या बायकांनी तोंडाला कुलूप लावलं. मतं काही कमी पडली नाहीत. भोंगा गायला उभी राहिली की स्टुडिओ गप्प व्हायचा, आणि पहिल्या रांगेत डोळे पुसणारा दादा दिसला की घराघरात फोन उचलले जायचे. तिची जोडी लावली होती पोहणं शिकवणाऱ्या एका तरुण मास्तराशी. उंच, देखणा, आवाज मोकळा. माणूस सरळ होता. खरं काय ते त्याला पहिल्याच तालमीत भोंग्याने सांगितलं आणि त्याने शेवटपर्यंत पोटात ठेवलं. पण रंगमंचावर दोघं एकमेकांकडे बघून गायचे, ते बघून लोक वेडे झाले. मासिकांत त्यांचे जोडीने फोटो यायला लागले.

मग वाहिनीला 'दादाचं घर' दाखवायची हुक्की आली. घरात बटण होती. हेडफोनवालीने सुचवलं, "वहिनी माहेरी गेल्यात असं म्हणू. मुलीने फक्त आत्या म्हणायचं, सोपं आहे." भाऊजींनी बटणला मांडीवर घेतलं आणि समजावलं. खेळ आहे म्हणाले. कॅमेरा असला की आईला आत्या म्हणायचं, जो चुकला तो आऊट. बटणला खेळ एकदम पसंत पडला. चित्रीकरणात ती एकदाही चुकली नाही, उलट 'आत्या, आत्या' करून तिने सगळ्यांना जिंकलं.

पण कॅमेरा जाईना. बाजारात, बसमध्ये, आमच्या जिन्यावरही कुणीतरी फोन उगारून उभं असायचंच. बटणने एकदा मला विचारलं, "काकू, मग मी आई कुठे म्हणायचं?"

"घरात म्हणायचं."

"खिडकी उघडी असली तर?"

मी उठून खिडकी लावली.

त्यानंतर काही दिवसांनी ती आमच्या दारातच पाय घसरून पडली. गुडघा फुटला. जिन्यावर चिटपाखरू नव्हतं. पोर गळा काढून ओरडली, "आत्याऽऽ!" भोंगा तिच्या घरातून धावत आली आणि उंबऱ्यावरच थांबली, कुणीतरी छातीवर हात ठेवून मागे ढकलल्यासारखी. मग तिने लेकीला उचलून घेतलं. गुडघा पुसला, फुंकर घातली, सगळं केलं. पण तिला आई म्हण असं काही तिने सांगितलं नाही. ती नंतर मला म्हणाली, "वहिनी, आता हट्टाने म्हणायला लावलं तर उद्या कॅमेऱ्यासमोर चुकेल हो. मी काय करू?"

अंतिम भाग थेट दाखवणार होते. बटण माझ्या मांडीवर बसून बघत होती. गाणी झाली, मतं मोजायला घेतली आणि वेळ काढायला सूत्रसंचालक प्रेक्षकांत उतरला. तो नेमका भाऊजींच्या उजव्या बाजूला येऊन बसला.

"दादा, सगळ्यांच्या मनातलं विचारतो. ही जोडी खऱ्या आयुष्यातही जमली, तर तुमची काही हरकत?"

स्टुडिओ शिट्ट्यांनी दणाणला. भाऊजींचा चेहरा पडदाभर झाला. मला वाटलं, आता तरी ऐकू आलं नाही असं म्हणा. पण त्यांना शब्दन् शब्द ऐकू आला होता. त्यांनी रंगमंचाकडे बघितलं. तिथे भोंगा दिव्यांच्या झोतात उभी होती आणि तिच्या दोन महिन्यांच्या मेहनतीचा निकाल कुणाच्या तरी हातातल्या पाकिटात होता.

"माझी काय हरकत असणार?" ते म्हणाले.

भोंग्याने मान खाली घातली. ती लाजली असं लोकांना वाटलं. थोड्याच वेळात ती आणि पोहण्याचे मास्तर जिंकल्याचं जाहीर झालं, वरून चकचकीत कागदांचा पाऊस पडला आणि बटण टाळ्या पिटत माझ्या मांडीवर नाचली.

नाटकाचा करार वर्षाचा होता. नाटक चालू असेपर्यंत खाजगी आयुष्याबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही, असंही त्यात होतं. दिवसभर तालमी, संध्याकाळी प्रयोग. नाटक जोरात चाललं. मी एक प्रयोग बघितला आणि खरं सांगते, ती आमच्या जिन्यावरून खाली-वर करणारी बाई आहे हे मी विसरून गेले. भाऊजी तिला आणायला नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी जायचे. तिथला पहारेकरी त्यांना "या दादा" म्हणून खुर्ची द्यायचा. बाहेर पडताना दोघांनी हातभर अंतर ठेवून चालायचं.

एकदा शर्टाला बटणं लावून घ्यायला आले असताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, काल तिला विचारलं, जेवलीस का? तर म्हणाली, हो दादा. दोघंही हसलो. मग हसू थांबलं आणि पुढे काय बोलायचं तेच दोघांना कळेना."

मी दोरा ओवत राहिले.

फुटलं ते शाळेत. बटणच्या बाईंनी मुलांना घरच्या माणसांचं चित्र काढायला सांगितलं. बटणने बाबा काढले, स्वतःला काढलं आणि लांब झग्यातली एक बाई काढली. "ही कोण गं?" बाईंनी विचारलं. "ही टीव्हीवरची माझी आत्या. पण मी तिच्याच पोटातून आले." बाईंना फार मजा वाटली. त्यांनी घरी सांगितलं, घरच्यांनी आणखी कुणाला सांगितलं, आणि आठवड्याच्या आत ते वर्तमानपत्रात छापून आलं.

ज्या लोकांनी तिला डोक्यावर घेतलं होतं, तेच आता नाट्यगृहाच्या दाराशी तिच्या नावाने ओरडायला लागले. आमच्या भावनांशी खेळली, म्हणाले. एका प्रयोगाला तर तिने तोंड उघडायच्या आधीच मागच्या रांगांतून हुर्यो उठली. ती तशीच गायली, पूर्ण गायली. वाहिनीने निवेदन काढलं की स्पर्धकाने माहिती दडवली, आम्हालाही धक्का बसलाय. पोहण्याच्या मास्तरांनी वार्ताहरांना स्पष्ट सांगितलं, की मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तिची काही चूक नाही. तर छापून आलं, 'फसवल्या गेलेल्या नायकाचं मोठं मन'.

भाऊजी कामावरच्या कपड्यांतच वाहिनीच्या कार्यालयात गेले. बराच वेळ बसवून ठेवलं. हेडफोनवाली समोरून गेली, पण तिने ओळख दिली नाही. शेवटी दिग्दर्शक बाहेर आला.

भाऊजी म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे. मला ऐकू आलं नाही आणि मी मान हलवली. मला टीव्हीवर आणा, मी सगळ्यांसमोर सांगतो."

दिग्दर्शकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही भले माणूस आहात. पण आता तुम्ही काहीही सांगितलंत तरी लोक म्हणणार, नवराच आहे, तो बायकोचीच बाजू घेणार."

भाऊ असताना त्यांनी नुसते डोळे पुसले तरी हजारो फोन वाजायचे. नवरा झाल्यावर त्यांच्या बोलण्याला कवडीची किंमत उरली नाही. हे सांगताना त्यांना राग आला नव्हता. बिघाड कुठे आहे ते दिसतंय, पण हात तिथवर पोचत नाही, असा त्यांचा चेहरा होता.

भोंग्याची भूमिका दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीला मिळाली. नाटक पुढे छान चाललं. भोंगा काही महिने घरात बसली, मग धुलाईखान्याने तिला परत घेतलं. तिथल्या बायकांनी चांगलं वागवलं, पण गा असा आग्रह कुणी केला नाही आणि तीही आपणहून गायली नाही. भाऊजींनी कानात यंत्र बसवून घेतलं. आता ते प्रत्येक वाक्याला "पुन्हा सांगा" म्हणतात आणि सगळ्यांना कंटाळा आणतात.

बातमी कुठून फुटली, ते दोघांना शाळेच्या बाईंकडूनच कळलं. त्या बिचाऱ्या रडत घरी आल्या होत्या. मीही तिथे होते. त्या गेल्यावर भोंग्याने दार लावून घेतलं. मग भोंगा म्हणाली, "बटणला हे कधीच कळता कामा नये." भाऊजींनी आणि मी ते कबूल केलं.

बटण आता मोठी झाली आहे, कॉलेजात जाते. आई म्हणते, भांडते, आईचे कपडे न विचारता घालते. ते दिवस तिला अर्धवट आठवतात. आत्या-आत्या हा घरातला काहीतरी खेळ होता, एवढंच. परवा मी त्यांच्याकडे जेवायला होते, तर तिने अचानक विषय काढला.

"बाबा, पण आपल्या घरातली गोष्ट पेपरात पोचवली कुणी? तुम्ही कधी शोधून नाही काढलंत?"

"असेल कुणीतरी वार्ताहर," भाऊजी म्हणाले.

"मला सापडला ना, तर त्याला सोडणार नाही मी. आईचं आयुष्य नासवलं त्याने."

भाऊजी ताटाकडे बघायला लागले. मी पाण्याचा पेला उचलला. भोंगाच पहिली सावरली.

"कुणी काही नासवलं नाही," ती म्हणाली. "भात घे अजून. निवतोय."