बिबट्याच्या उडीला लागणारी वीज

आमच्या मामेसासऱ्यांइतका विजेला मान देणारा आणि विजेच्या वस्तूंवर संशय घेणारा माणूस जुन्नर-आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत दुसरा नसेल. लोणीत त्यांनी चाळीस वर्षं विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून दिल्या. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट एक तर मोटार असते नाहीतर मोटारीवरचा लोड, अशी त्यांची पक्की समजूत. घोडेगावला आमच्याकडे आले की चपला काढायच्या आधी मीटरकडे बघणार, मग "बरं हाय का, पावणं?" असं मला विचारणार आणि माझं उत्तर येईपर्यंत फ्रिजच्या मागे वाकलेले असणार. आणे गावी एका लग्नात सगळं वऱ्हाड नवरीकडे बघत होतं, तर हे मांडवामागे जनरेटरपाशी. "पाचव्या मंगलाष्टकाला बसतंय बघा हे," म्हणाले. ते चौथ्यालाच बसलं, तर जेवताना मामांचा घास उतरेना. "एका मंगलाष्टकानं चुकलो राव!"

त्यांच्या पिशवीत कायम एक ताणकाटा असतो. मोटार भरायची तांब्याची तार वजनावर घ्यायची, ती सवय हाडीमाशी खिळलेली. म्हणून विजेची कुठलीही वस्तू दिसली की तिला काट्याला टांगायचं. "कंपनी खोटं बोलंल, तांबं न्हाई बोलायचं," हे त्यांचं म्हणणं. आमच्या हिनं नवा मिक्सर आणला तेव्हा मामांनी तो दोरी बांधून टांगला, नाक मुरडलं आणि निकाल दिला, "ह्यात चटणी व्हईल, पुरण न्हाई." होळीला पुरण वाटताना मिक्सर धूर काढून गेला. तेव्हापासून आमची ही मामांच्या शब्दाबाहेर नाही. मी मात्र होतो.

आणि मी होतो म्हणूनच पुढचं सगळं रामायण घडलं. आमची सायली ॲनिमेशन शिकली. पुण्याच्या एका कंपनीनं तिला दोन मिनिटांची फिल्म करून शनिवारपर्यंत पाठवायला सांगितलं होतं. आवडली तर नोकरी. पोरीनं विषय घेतला उसातून निघणाऱ्या बिबट्याचा. आमच्याकडं बिबट्याचं कुणाला नवल? पण हिच्या बिबट्याच्या अंगावरचा केस न् केस वाऱ्यावर हलत होता आणि त्यासाठी कॉम्प्युटरला दांडगं ग्राफिक्स कार्ड लागत होतं. ते मी घेऊन दिलं. कार्डाच्या खोक्यावर साडेसहाशे वॉटचा पॉवर सप्लाय लावा असं छापलं होतं, ते मात्र मी सोडून दिलं. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटबरोबर एक सप्लाय आला होता, नवा कोरा, तो काय वाईट आहे? मी मराठीचा मास्तर. छापलेलं सगळं खरं नसतं एवढं मला कळतं.

झालं असं, की बिबट्या उसातून यायचा, कान टवकारायचा, दबा धरायचा आणि उडी मारली रे मारली की कॉम्प्युटर ठप्प. वीस वेळा मारली, वीस वेळा ठप्प. बुधवारी सकाळी सायली कीबोर्डवर डोकं टेकून रडायला लागली आणि मी गुपचूप मामांना फोन लावला.

मामा मिळेल त्या गाडीनं आले. बिबट्याची उडी दोनदा बघितली, तिसऱ्यांदा डोळे मिटून नुसता पंख्याचा आवाज ऐकला. "मोटार चालू व्हताना कशी एकदम वढती, तसं उडीला वढतंय ह्ये कार्ड. सप्लायला दम न्हाई. मंग त्यो सोताला वाचवाया बंद पडतो. त्याची काय चूक? चूक तुमची, पावणं." मी मान खाली घातली. बाजारपेठेतल्या दुकानात मामांनी चार सप्लाय काउंटरवर मांडायला लावले आणि चारी ताणकाट्याला टांगले. दुकानदार बघतच राहिला. त्यातला सगळ्यात जड मामांनी उचलला. त्यावर साडेसातशे वॉट लिहिलेलं. "साडेसातशे म्हंजे एक एचपी! चार बिबटं उड्या मारतील."

घरी आणून बसवला. बिबट्यानं उडी मारली. ठप्प.

मामांनी सप्लाय बाहेर काढला, आतली वीज उतरेपर्यंत तसाच ठेवला आणि स्क्रू ड्रायव्हर मागितला. "सील तोडल्यास वॉरंटी रद्द," मी वाचून दाखवलं. "मास्तर, वाचू नगा." आत बोटभर सर्किट होतं आणि तळाला दोन स्क्रूंनी बसवलेली एक लोखंडी पट्टी. निव्वळ वजनासाठी! मामांनी ती काट्याला टांगली. सप्लायचं निम्म्याहून जास्त वजन तिचंच. मग ते दारातल्या ओट्यावर जाऊन बसले. जन्मात कधी आपला काटा चुकला असं न म्हणालेला माणूस! मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. सायली चहा घेऊन शेजारी बसली, तर म्हणाले, "माज्या काट्यावर इस्वास ठिवलास पोरी, अख्खा दिस घालवला म्या तुजा."

"मामाआजोबा, ह्याच्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचू या ना." पोरगी माझ्यापेक्षा शहाणी. पत्र्यावरच्या कोष्टकात तिनं बोट ठेवलं: बारा व्होल्टच्या लाइनीवर वीस अँपियर. मामांचे डोळे चमकले. "बारा वीसं दोनशे चाळीस वॉट. कार्ड तर सगळं बाराच्याच लाइनीवर जगतंय! आन् वर मोठ्या अक्षरात साडेसातशे? वा रं वा!"

गुरुवारी दुकान उघडताना आम्ही दारात. मामांनी लोखंडी पट्टी काउंटरवर ठेवली. "ही तुमची वॉरंटी, घ्या माघारी." दुकानदारालाही ते ठाऊक नसावं, बिचारा पट्टी उलटीसुलटी करून बघत बसला. या वेळी काटा पिशवीतच राहिला. चष्मा लावून मामांनी प्रत्येक सप्लायचं कोष्टक वाचलं, कार्डाला जाणारी वायर थेट सप्लायमधून निघते की मधे जोड लावावा लागतो तेही विचारलं. शेवटी एकावर थांबले. "बारा बासष्ट सातशे चव्वेचाळीस. आन् वर लिवलंय साडेसातशे. ह्यो खरं बोलतो." उचलून बघितला तर आधीच्यापेक्षा हलकाच होता. मामा ओशाळं हसले.

त्याच दुपारी बिबट्या उडाला. आम्ही घरभर ओरडलो. शनिवारी दुपारी फिल्म गेली आणि पुढच्या आठवड्यात कंपनीचा फोन आला.

सायली पुण्याला निघायच्या दिवशी मामा तिला निरोप द्यायला आले. कॉम्प्युटरही तिच्याबरोबर जायचा होता. खोक्यात भरायच्या आधी तिनं मामांसाठी फिल्म लावली. आम्ही सगळे पडद्यासमोर दाटीवाटीनं बसलो, मामा मात्र कॅबिनेटच्या मागे उकिडवे, तळहात सप्लायच्या जाळीपाशी धरून. बिबट्या उसातून आला, दबा धरला, उडाला आणि शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली: 'वीजपुरवठा', आणि खाली मामांचं पूर्ण नाव.

"मामाआजोबा, अहो पुढं या ना! तुमचं नाव आलंय!" सायलीनं पडद्याकडे बोट केलं.

मामांनी जाळीवरचा हात काढला नाही. "तू बघ पोरी, निवांत बघ," ते मागूनच म्हणाले, "मी हाय हितं."