सातवा फर्मा

माझ्या ताईनं पंचेचाळीस वर्षं पुस्तकं शिवली आणि त्यात एकच चूक केली. ही चूक बाइंडिंगच्या कारखान्यातल्या माणसांनी मला इतक्या वेळा ऐकवलीय की तिचा पाढा मी झोपेतही म्हणेन. त्या चुकीवरून ताईचं नाव 'मधमाशी' पडलं ते कायमचं. तिच्या निरोपाच्या दिवशीसुद्धा मालकांनी भर सभेत विचारलं, "काय मधमाशी, आता तरी सांग, ते पोळं कुठून आणलंस?" सगळे हसले. ताई चष्मा पुसत बसली. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो, हे कबूल केलेलं बरं.

गेल्या महिन्यात मला कळलं की ती चूक नव्हतीच. मी अडुसष्ट वर्षांचा आहे. कळायला अंमळ उशीर झाला.

आधी थोडं कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. पुस्तक छापून येतं ते मोठाल्या कागदांच्या रूपात. एका कागदावर सोळा पानं असतात. त्याची नीट घडी घातली की झाला एक फर्मा. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा असतो, एक, दोन, तीन असा. त्या क्रमानं फर्मे लावायचे, पाठीतून शिवायचे आणि खळ लावून पुठ्ठ्यात बसवायचे. शिवण्याचं टेबल मानाचं. खळीचं टेबल म्हणजे कोपरापर्यंत चिकट हात, आंबूस वास आणि दिवसभर उभं राहणं. आई त्या टेबलावर होती. वडील गेल्यावर तिला तेच मिळालं होतं. ताईला मात्र सतराव्या वर्षीच शिवण्याच्या टेबलावर बसवलं, कारण तिचा हातच तसा होता. आईला त्याचा केवढा अभिमान. ओळखपाळख नसलेल्या बाईलाही ती सांगायची, "आमची मोठी शिवायला असते."

त्याच वर्षी मी आठ वर्षांचा होतो आणि अंथरुणात होतो. मांडीच्या हाडात पू झाला होता. सात महिने पाय प्लास्टरमध्ये. प्लास्टर काढलं तेव्हा आतून निघालेला पाय माझा वाटेना, इतका वाळलेला. डॉक्टर आईला माझ्यासमोरच म्हणाले, "दोन महिन्यांत हा चालायला लागला तर पाय वाचला. नाही लागला तर जन्मभर असाच राहील."

मी एकदा पाऊल टेकवलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तोंडावर आपटलो, आणि ठरवून टाकलं की बस, आता उठायचं नाही. आईनं समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी रडली. मी ढिम्म. लहानपणापासून मी हट्टी आणि वर संशयी. कुणी गोड बोललं की मला वाटायचं, आता हे औषध पाजणार.

ताईनं समजावलं नाही. ती कारखान्यातून यायची आणि माझ्या कॉटच्या कडेला बसून गोष्ट सांगायची. त्या दिवसांत मुलांचं एक पुस्तक बांधायला आलं होतं. घडी घालता घालता ती ते वाचून घ्यायची. ज्या दिवशी जो फर्मा टेबलावर येईल, ती सोळा पानं त्या संध्याकाळी मला मिळायची.

गोष्ट एका बहीण-भावाची होती. त्यांच्या आईचा आवाज हरवतो. तो परत आणायचा तर मुक्या डोंगराच्या माथ्यावरचं पाणी आणायला हवं. म्हणून दोघं निघतात. वाटेत सावल्या विकणारा म्हातारा भेटतो. दारांचं जंगल लागतं, तिथं प्रत्येक झाडाला कडी. एक नदी असते, ती नाव विचारल्याशिवाय पलीकडे जाऊ देत नाही. मी जेवण विसरून ऐकायचो. सहाव्या फर्म्याअखेर दोघं डोंगराच्या पायथ्याशी पोचले आणि भावाचा पाय दुखायला लागला.

"मग?" मी विचारलं.

"सातवा अजून आला नाही," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मला शंका आली. "तू लपवतेयस. आणि पुढचं तू मनानं सांगणार. मला नको. मला पुस्तकात दाखव." त्या वयात मी अडखळत का होईना, वाचायचो. ताई माझ्याकडे बघत राहिली आणि भाजी चिरायला उठली.

त्या आठवड्यात तिच्या हातून चूक झाली. शेजारच्या टेबलावर मधमाशा पाळण्याचं पुस्तक होतं, त्याच मापाचं. ताईनं एका प्रतीत गोष्टीच्या सातव्याऐवजी मधमाशांचा सातवा शिवला. कारखान्याचा नियम असा, की चुकलेली प्रत गिऱ्हाइकाला जायची नाही. जिची चूक तिनंच ती घरी न्यायची, आणि रोज डोळ्यांसमोर ठेवायची. मालकांनी प्रत सगळ्यांना वाचून दाखवली आणि ताईला वर्षभरासाठी खळीवर धाडलं. आई त्या दिवशी घरी आली ती ताईकडे पाठ करून बसली. मग मला म्हणाली, "आकडे कळत नाहीत का रे तिला? मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही." ताई कोपऱ्यात बसली होती. मांडीवर पुठ्ठ्याविना उघडं पुस्तक. त्याला पुठ्ठा तिनं घरीच केला, रद्दी कागद एकावर एक चिकटवून.

मी मात्र खूश. पुस्तक घरात आलं होतं. मी सरळ शहाण्णवावं पान काढलं. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या:

भाऊ म्हणाला, "माझा पाय दुखतो, आता चालवत नाही."
बहीण म्हणाली,

समोरचं पान पाहिलं.

पेटी हलवावयाची झाल्यास दिवसाला तीन फुटांहून अधिक हलवू नये. अन्यथा बाहेर गेलेल्या माश्यांना आपले घर सापडत नाही.

"हे काय?" मी म्हणालो.

"बघ ना," ताई म्हणाली. "पेटी घेऊन चढताहेत वाटतं. छापलंय म्हणजे असेल."

छापलंय म्हणजे असेल, हे मला पटलं. ताईच्या बोलण्यावर माझा विश्वास नव्हता, छापलेल्यावर होता. आम्ही ती सोळा पानं मिळून वाचली. धूर मंद द्यावा, घाई करू नये. डंख बसल्यास चोळू नये. राणी पेटीत असल्याची रोज खात्री करावी. ताईनं प्रत्येक ओळीतून त्या दोघांना पुढे नेलं. डोंगर चढायचा तर पेटी न्यायची, आणि पेटी दिवसाला तीन फूटच सरकवायची. चौथ्या की पाचव्या दिवशी मी विचारलं, "तीन फूट म्हणजे किती गं?"

ताईनं फूटपट्टी आणली आणि कॉटपासून फरशीवर खडूनं रेघ मारली. फार दूर नव्हती. मी रेघेकडे पाहिलं, मग पायाकडे. तिनं खांदा पुढे केला.

ठणका लागला की ती म्हणायची, "डंख आहे, चोळू नकोस." रोज एक रेघ वाढायची. टेबल आलं, शेगडी आली, उंबरा आला. मग अंगण, मग रस्ता. ताई कामावर जाण्याआधी रेघ मारून जायची आणि आई तिच्यामागून कामाला निघण्याआधी माझा हात धरायची. आईला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी उभा होतो, तेवढं तिला पुरे होतं. कारखाना आमच्यापासून चार घरं सोडून. डॉक्टरांच्या त्या बोलण्यानंतर छप्पन्नाव्या दिवशी मी आईचा हात सोडून त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. ताईचे हात खळीत कोपरापर्यंत. मला बघून तिनं ते तसेच वर धरले आणि कागदांच्या थप्पीमागे गेली. बाहेर आली तेव्हा नाक लाल होतं आणि गालाला खळ लागली होती. "आलास का," म्हणाली. "बस स्टुलावर. पण फार वेळ बसू नकोस."

राहिला आठवा फर्मा. त्यात बहीण पाणी घेऊन घरी येते, आईला आवाज परत मिळतो, सगळं छान होतं. पण भावाचं नाव कुठंच नाही. मी विचारलं, तर ताई म्हणाली, "मागून येतोय. त्याला जरा वेळ लागतो." हे मला अगदी पटण्यासारखं होतं.

पुढे मी पोस्टमन झालो आणि पस्तीस वर्षं पायी टपाल वाटलं. किती जिने चढलो त्याला गणती नाही. ताई वर्षभरानं शिवण्याच्या टेबलावर परतली आणि शेवटपर्यंत तिथंच राहिली. तिनं लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं की म्हणायची, "सुचलंच नाही."

गेल्या महिन्यात माझ्या नातीनं त्या पुस्तकावर पाण्याचा अख्खा ग्लास उपडा केला. मागचा पुठ्ठा फुगला आणि त्याचे पापुद्रे सुटायला लागले. वाळवायला म्हणून ते वेगळे केले, तर त्यावर छपाई. पानाखाली आकडा, सत्त्याण्णव. त्याखाली बारीक सात. मी खुर्ची ओढून बसलो आणि वाचायला घेतलं.

"जरा बैस, मी एकटी जाऊन येते." भाऊ बसला. मुक्या डोंगरावर जो बसतो तो दगड होतो, हे तिला कुणी सांगितले नव्हते.

पुढची सगळी पानं त्या दगडाचीच होती. बहीण रडते, हाका मारते आणि शेवटी एकटीच खाली उतरते.

मी ती ओली पानं आणि ते पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून ताईकडे गेलो. ती सत्त्याहत्तरची आहे. डोळे अधू झालेत, तरी शेजारपाजारच्या मुलांची फाटकी पुस्तकं दुरुस्त करत असते. मी पानं तिच्या पुढ्यात ठेवली. तिनं बोटानं कागद चाचपला आणि ओळखला.

"सापडलं का," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"घडी घालतानाच वाचलं होतं. तू रोज विचारत होतास, मग काय करणार? तुला तर छापलेलंच हवं होतं."

"मग हे फेकून का नाही दिलंस?"

"चांगला कागद होता."

मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. "अगं, वर्षभर खळीवर उभी राहिलीस. आई बोलली. पंचेचाळीस वर्षं सगळ्यांनी मधमाशी म्हणून चिडवलं. मी चिडवलं. एकदा तरी सांगायचंस."

"काय सांगायचं? तू बसला होतास." एवढं म्हणून ती उठली आणि पातेल्यात खळीचं पीठ कालवायला लागली.

मी म्हणालो, "ताई, मी चालतोय तो तुझ्यामुळे." साठ वर्षांत हे मी तिला कधी म्हटलं नव्हतं. आमच्या घरात असं बोलायची सवय नाही, पण बोललो. तिनं पातेलं माझ्याकडे सरकवलं, चमचा हातात दिला.

"ढवळत राहा, गुठळ्या होतील. पुस्तक नातीसाठी आजच बांधून देते."

"आणि हा फर्मा? आता त्याच्या जागी शिवायचा का?"

ताईनं पानं एकावर एक रचली, कडा जुळवल्या आणि वरच्या पानाला खळ लावायला घेतली.

"पुठ्ठ्यातच राहू दे," ती म्हणाली. "पुस्तक ताठ राहतं."