मनगटावरची वर्तुळे

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, एका श्रावणात, अहेरीच्या आठवडी बाजारात एका सासूने आपल्या सुनेचा हात बांगड्या भरणाऱ्या माझ्या मोठ्या बहिणीच्या हातातून ओढून काढला. दोन चुड्या भरून झाल्या होत्या. बहिणीची बाही वर सरकली होती आणि सासूला काहीतरी दिसले होते.

"काऊन वो बाई, तू त म्हणे लागत नाई!" तिने स्वतःचे मनगट पुढे केले. रुपयाएवढे लाल वर्तुळ, मधे स्वच्छ, कडेला पुरळ. "मंग हे काय हाये?"

"मावशी, माझी बीमारी बारा सालची हाये. कोणाले लागली का आजवर?"

"मले लागली ना! आता सुनेले बी देतं का?"

बहिणीला सोरायसिस होता. कोपरांवर जाड, पांढुरक्या खपल्या. तिचा धंदा परक्या बायकांचे हात हातात घेण्याचा. त्यावरच तिचे घर चाले. मी वर्तमानपत्राला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. गिऱ्हाईक बिचकते म्हणून डॉक्टरांना विचारून मी एका पुठ्ठ्यावर लिहून दिले होते: 'हा रोग लागत नाही.' तो पुठ्ठा दुकानाच्या छत्रीला बांधलेला असे. माहिती खरी होती.

घरी आल्यावर मी तिचा हात उजेडात पाहिला. कोपराखाली तशीच तीन वर्तुळे होती. जुनाच आजार वाढला असे समजून ती महिनाभर जुने मलम चोळत होती. खाज कमी व्हायची, वर्तुळे मोठी व्हायची.

"आपा, मला सांगितलं काऊन नाही?"

"काय सांगू? तूच त लिहून देल्लं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही चंद्रपूरला गेलो. त्वचेच्या डॉक्टरांनी वर्तुळाची कड खरवडली, काचेवर औषधाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिले. बुरशी होती. सोरायसिस असलेल्यालाही ती होते, ते म्हणाले. जुन्या खपल्यांमुळे लवकर ओळखू येत नाही. त्या मलमाने ती दबल्यासारखी वाटते आणि पसरते.

"आणि ही लागते," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाचे हात कशाने पुसता?"

"चुडी चढत नाई त साबण लावतो. मंग पुसतो. कपडा हाये ना, कमरेले," बहीण म्हणाली.

"एकच?"

"एकच."

बुरशी कोणाकडून कोणाकडे गेली, हे आता सांगता येणार नाही, असे ते म्हणाले. परतीच्या बसमध्ये प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्या बायकांची मनगटे मी पाहत होतो. बहीण ओढणीत हात गुंडाळून बसली होती. एकदाच बोलली: "किती बाया झाल्या असतील रे?"

पुठ्ठा मी काढला. त्या सासूला शोधून सरकारी दवाखान्यात नेले. वाटेत तिने मला भरपूर ऐकवले. आणखी दोघी सापडल्या. बाकीच्यांचा पत्ता लागला नाही. दुकान बंद राहिले.

उपचार संपल्यावर डॉक्टरांनी पुन्हा कातडी तपासली. बुरशी नव्हती. कोपरांवरच्या खपल्या होत्या तशाच होत्या.

पुढच्या बाजारी बहिणीने दुकान मांडले. दुपारपर्यंत चौघींनी चुड्या भरून घेतल्या. पाचवीने डझनभर निवडल्या, कागदात बांधून मागितल्या आणि घरीच भरते म्हणाली.